एकोणीस बाइटांपासून सुरुवात : टीआय-८४ प्लसवर असेंब्ली

अमेरिकेतून सुट्टीला आलेल्या भाच्याच्या दप्तरात मी पहिल्यांदा टेक्सास इन्स्ट्रुमेंट्स (टीआय) कंपनीचा टीआय-८४ प्लस हा कॅल्क्युलेटर पाहिला. त्याला तो शाळेत आलेख काढायला लागायचा. मी आतल्या चिपबद्दल वाचलं आणि पुढचे दोन दिवस तो कॅल्क्युलेटर त्याला परत मिळाला नाही. आत झायलॉगचा झेड८० होता! आपल्याकडे डिप्लोमाला किंवा इंजिनिअरिंगला ज्यांनी ८०८५ या प्रोसेसरच्या किटवर हेक्स (सोळाच्या पायाचे आकडे : ० ते ९ आणि ए ते एफ) कीपॅड दाबत प्रॅक्टिकल केलं आहे, त्यांच्यासाठी हा प्रोसेसर सख्ख्या चुलतभावासारखा आहे. इंटेलच्या ८०८० चा मशीन कोड झेड८० ला समजतो आणि ८०८५ सुद्धा त्याच घराण्यातला. म्हणजे कॉलेजात पाठ केलेले ऑपकोड (प्रत्येक आज्ञेचे ठरलेले आकडे) या यंत्रावर आजही चालतात.

हा लेख असेंब्लीची, म्हणजे प्रोसेसरला थेट त्याच्याच आज्ञांत सांगण्याची, अगदी नव्याने सुरुवात करणाऱ्यांसाठी आहे. ८०८५ येत असेल तर वाट सोपी होईल, येत नसेल तरी अडणार नाही. बहुतेक जण आधी संगणकावर असेंबलर (नावांनी लिहिलेल्या आज्ञांचे आकडे करून देणारा प्रोग्राम) बसवायला सांगतात, मी तसं सांगणार नाही. पहिला प्रोग्राम कॅल्क्युलेटरच्याच बटणांनी, एकेक बाइट हाताने भरून लिहायचा. अशा वेळी कोणता बाइट काय करतो हे समजून घेतल्याशिवाय पुढे जाता येत नाही, आणि तीच समज नंतर प्रत्येक अडचणीत कामाला येते.

कोणतं यंत्र घ्यायचं

टीआय-८३ प्लस (१९९९) किंवा साधा, काळ्या-पांढऱ्या पडद्याचा टीआय-८४ प्लस (२००४). ८३ प्लसचा झेड८० ६ मेगाहर्ट्झचा, ८४ प्लसचा १५ मेगाहर्ट्झचा. पडदा दोन्हींचा ९६ बाय ६४ ठिपक्यांचा आणि वापरायला मोकळी रॅम सुमारे २४ किलोबाइट. खालचे सगळे पत्ते आणि हेक्स आकडे या दोन्हींवर चालतात.

रंगीत पडद्याचा टीआय-८४ प्लस सीई (२०१५) मात्र या लेखासाठी घेऊ नका. त्यात ईझेड८० आहे, पत्ते २४ बिटांचे आहेत आणि सिस्टिमची रूटीन (आतले तयार छोटे प्रोग्राम) बोलवायची पद्धतही वेगळी आहे. शिवाय २०२० पासूनच्या नव्या ऑपरेटिंग सिस्टिममध्ये कंपनीने त्यावरची असेंब्लीची सोयच काढून टाकली. मला त्याचं खरंच वाईट वाटतं. कारण या कॅल्क्युलेटरांवर असेंब्ली आली तीच मुळात वापरणाऱ्यांच्या हट्टामुळे. नव्वदच्या दशकात टीआय-८५ वर तशी काही सोय नव्हती. तेव्हा मंडळींनी मेमरीच्या बॅकअप फाइलमध्ये फेरफार करून आपला कोड आत घुसवला. पुढे ८३ प्लसमध्ये कंपनीने स्वतःच ‘एएसएम’ ही आज्ञा दिली. आपण तीच वापरणार आहोत.

हातात यंत्र नसेल तर संगणकावर वॅबिटेम्यू किंवा टिलेम हे एम्युलेटर आहेत. त्यांना कॅल्क्युलेटरच्या रॉमची (आतल्या कायमच्या मेमरीची) प्रत लागते. ती स्वतःच्या यंत्रातून काढावी, कुठून तरी उचलू नये. वॅबिटेम्यूमध्ये कंपनीच्या साइटवरची ऑपरेटिंग सिस्टिमची फाइल वापरून रॉम तयार करण्याचीही सोय आहे.

आधी सामान सुरक्षित ठेवा

असेंब्लीत चूक झाली की पडद्यावर नीट शब्दांत चूक दाखवणारं कोणी नसतं. यंत्र गोठतं किंवा स्वतःहून रीसेट होऊन ‘रॅम क्लिअर्ड’ असं दाखवतं. रॅममधलं सगळं जातं, फ्लॅश या टिकाऊ मेमरीतलं आर्काइव्ह बहुधा सुखरूप राहतं. यंत्र कायमचं बिघडेल या भीतीने थांबू नका. फ्लॅशवर लिहायला वेगळं कुलूप आहे आणि भरकटलेला प्रोग्राम सहसा ते उघडू शकत नाही. यंत्र गोठलंच तर मागचा एक एएए सेल काढून परत बसवायचा.

पण केलेलं काम जातं, आणि ते लागतं. मी पहिल्या रात्री तासभर खपून भरलेला प्रोग्राम एका चुकीच्या बाइटापायी घालवला. तेव्हापासून माझा नियम असा : चालवण्याआधी प्रोग्रामची दुसऱ्या नावाने एक प्रत करायची आणि ती आर्काइव्हमध्ये टाकायची. प्रत करायला नवा रिकामा प्रोग्राम उघडा, ‘सेकंड’ आणि ‘एसटीओ’ दाबून रीकॉल आणा आणि प्रोग्रामच्या यादीतून जुन्याचं नाव निवडा, सगळा मजकूर उतरतो. मूळ प्रत मात्र रॅममध्येच ठेवा, आर्काइव्हमधला प्रोग्राम थेट चालत नाही.

पहिला प्रोग्राम : एकोणीस बाइट

‘पीआरजीएम’ बटण दाबा, ‘न्यू’ वर जा, नाव द्या. पहिल्या ओळीत ‘एएसएम-पीआरजीएम’ हा शब्द हवा. तो अक्षर-अक्षर टाइप करायचा नाही, कॅटलॉगमधून (‘सेकंड’ आणि ०) उचलायचा. यंत्राच्या दृष्टीने तो एक अखंड टोकन असतो. पुढच्या ओळीवर हे भरा :

ईएफ ४० ४५
२१ ०० ००
२२ ४बी ८४
२१ बी८ ०७
ईएफ ०७ ४५
ईएफ २ई ४५
सी९

इथे वाचायला सोपं जावं म्हणून मी ओळी पाडल्या आहेत, तुम्ही सलग, जागा न सोडता, ३८ चिन्हं भरा. ए ते एफ ही रोमन अक्षरं ‘अल्फा’ दाबून मिळतात : ए ‘मॅथ’ वर, बी ‘ॲप्स’ वर, सी ‘पीआरजीएम’ वर, डी एकभागिले-एक्सच्या बटणावर, ई ‘साइन’ वर आणि एफ ‘कॉस’ वर. ई भरताना जपा. स्वल्पविरामाच्या बटणावर दहाच्या घातांकासाठी एक छोटा ई असतो. दिसायला तसाच, पण टोकन वेगळं, आणि तो चालत नाही.

आता ‘सेकंड’ आणि ‘मोड’ दाबून बाहेर या. कॅटलॉगमधून ‘एएसएम(’ आणा, त्यापुढे ‘पीआरजीएम’ च्या यादीतून आपला प्रोग्राम निवडा, कंस पुरा करा, ‘एंटर’. पडदा पुसला जाऊन वरच्या ओळीत १९७६ दिसलं पाहिजे. हे झेड८० बाजारात आल्याचं वर्ष.

आता सावकाश बघू की झालं काय.

२१ म्हणजे ‘एचएल या जोडरजिस्टरमध्ये पुढचे दोन बाइट भर’ (रजिस्टर म्हणजे प्रोसेसरच्या आतली आकडा ठेवायची जागा). ८०८५ मध्ये आपण याला एलएक्सआय एच म्हणायचो, झेड८० च्या भाषेत ते एलडी एचएल (एलडी म्हणजे लोड). दोन बाइटांत धाकटा आधी, थोरला नंतर. १९७६ चं हेक्स रूप ०७बी८, म्हणून बी८ आधी आणि ०७ नंतर. हे उलटंपालटं लिहिणं सुरुवातीला प्रत्येकाकडून एकदा तरी चुकतं.

२२ म्हणजे एचएलमधलं सामान दिलेल्या पत्त्यावर ठेव, म्हणजेच ८०८५ चं एसएचएलडी. पत्ता ८४४बी. या जागी सिस्टिम कर्सरची ओळ ठेवते आणि लगेच पुढच्या ८४४सी मध्ये कर्सरचा रकाना. शून्य भरलेलं एचएल तिथे ठेवलं की एका फटक्यात दोन्ही शून्य होतात, कर्सर डाव्या कोपऱ्यात जातो. मोठ्या अक्षरांत पडदा ८ ओळी आणि १६ रकान्यांचा आहे, त्यामुळे ओळ ० ते ७ आणि रकाना ० ते १५ एवढ्यातच राहायचं.

ईएफ ही यातली सगळ्यात सुंदर गोष्ट. ८०८५ वाल्यांनी ओळखलं असेल, हा आरएसटी ५, म्हणजे पत्ता २८ हेक्सवरच्या रूटीनला हाक. कॅल्क्युलेटरच्या सिस्टिमने तिथे एक युक्ती बसवली आहे. झेड८० ला एका वेळी फक्त ६४ किलोबाइट दिसतात आणि फ्लॅश तर त्याहून कितीतरी मोठी. म्हणून ४००० ते ७एफएफएफ हा १६ किलोबाइटचा भाग खिडकीसारखा ठेवला आहे. फ्लॅशचं हवं ते पान त्या खिडकीत लावता येतं. ईएफच्या मागोमाग आपण दोन बाइटांत रूटीनचा क्रमांक लिहितो. २८ वरचा कोड स्टॅकवरून (परतीचे पत्ते आणि तात्पुरते आकडे ठेवायच्या थप्पीवरून) परतीचा पत्ता काढतो, तिथले दोन बाइट वाचतो, योग्य ते पान खिडकीत लावतो, रूटीन चालवतो आणि जुनं पान परत लावून आपल्याला त्या दोन बाइटांच्या पुढे आणून सोडतो. याला बी-कॉल म्हणतात. वरच्या प्रोग्राममध्ये ४५४० पडदा पुसतं, ४५०७ एचएलमधला आकडा पाच रकान्यांत उजवीकडे सरकवून छापतं, ४५२ई नव्या ओळीवर नेतं. ते शेवटचं नसेल तर यंत्राचं ‘डन’ आपल्या आकड्याच्याच ओळीत येऊन बसतं.

सी९ म्हणजे रिटर्न. हा विसरलात तर प्रोसेसर आपला प्रोग्राम संपल्याचं न कळता पुढच्या मेमरीतला कचरा आज्ञा समजून पाळत जातो. माझी ती पहिली रात्र अशीच गेली होती.

आता स्वतःचं जन्मवर्ष छापा. वर्षातून १७९२ वजा करा, उरेल त्याचं हेक्स करून बी८ च्या जागी घाला. १७९२ म्हणजे ७ गुणिले २५६, म्हणून ०७ तसाच राहतो.

दुसरी पायरी : बटणाची वाट पाहणं

शेवटचा सी९ खोडा आणि त्याजागी हे भरा :

ईएफ १८ ४०
एफई ०एफ
२० एफ९
सी९

४०१८ हे रूटीन सध्या कोणतं बटण दाबलं आहे त्याचा क्रमांक ‘ए’ रजिस्टरमध्ये देतं, काही दाबलं नसेल तर शून्य. ‘क्लिअर’ चा क्रमांक १५, म्हणजे ०एफ. एफई ही तुलना : ‘ए’ मधून १५ वजा केल्यासारखं करून फक्त फ्लॅग (निकालाची खूण ठेवणारे बिट) बदलायचे. बरोबरी झाली तर झीरो फ्लॅग लागतो. नाही झाली तर २० एफ९ आपल्याला मागे पाठवतं.

इथे ८०८५ वाल्यांनी थांबावं. त्या चिपवर २० म्हणजे आरआयएम. झेड८० वर मात्र तो ‘झीरो नसेल तर अमुक बाइट पुढे-मागे उडी मार’ असा आहे. ८०८० मध्ये रिकामे असलेले ऑपकोड दोन्ही कंपन्यांनी आपापल्या परीने भरले आणि इथे दोन भावांची वाट वेगळी झाली. एफ९ म्हणजे २४९, चिन्हासह मोजलं तर उणे ७. उडीची आज्ञा वाचून झाल्यावर प्रोसेसर ज्या बाइटवर असतो तिथून मागे सात मोजा : २० आणि एफ९ हे दोन, एफई आणि ०एफ हे दोन, बी-कॉलचे तीन. बरोबर पहिल्या ईएफवर येता. बोट ठेवून एकदा मोजाच.

प्रोग्राम आता २६ बाइटांचा झाला. चालवा, आकडा दिसेल आणि ‘क्लिअर’ दाबेपर्यंत यंत्र थांबून राहील.

आता असेंबलर

हाताने उड्या मोजण्याचा कंटाळा आला की संगणकाकडे वळायची वेळ झाली. माझी पसंती स्पॅझमला, ब्रासही चांगला आहे. टॅझम हा जुना डॉसच्या काळातला असेंबलर अनेक जुन्या लेखांत दिसेल, पण आज नव्याने त्याच्या वाटेला जायचं कारण नाही. सोबत टीआय-८३ प्लसची इन्क्लूड फाइल घ्या. त्यात सगळ्या बी-कॉलना आणि सिस्टिमच्या पत्त्यांना नावं दिलेली असतात, म्हणजे ४५४० पाठ करावं लागत नाही. नावांचा गोंधळ झाला तर या लेखातला आकडा त्या फाइलमध्ये शोधा.

सोर्स फाइलच्या सुरुवातीला तीन गोष्टी हव्यात. इन्क्लूड फाइल जोडणारी ओळ, मग ऑर्ग ९डी९३ (सुरुवातीचा पत्ता सांगणारी सूचना), मग डीबीने (बाइट जसेच्या तसे भरणाऱ्या सूचनेने) दोन बाइट : बीबी आणि ६डी. हे दोन बाइट म्हणजे ‘हा कंपाइल झालेला असेंब्ली प्रोग्राम आहे’ अशी खूण. आपला खरा कोड ९डी९५ पासून सुरू होतो, कारण ‘एएसएम(’ चालवताना सिस्टिम प्रोग्राम उचलून तिथेच नेऊन ठेवते. कोड सी००० च्या पलीकडे चालवायला यंत्र देत नाही, म्हणून प्रोग्रामची कमाल लांबी ८८११ बाइट. सुरुवातीला ही मर्यादा आठवणारसुद्धा नाही, इतकी ती ऐसपैस आहे.

तयार झालेली ८एक्सपी फाइल टीआय कनेक्ट किंवा टीआयएलपीने यूएसबी केबलवरून पाठवा. पण आधी एम्युलेटरमध्ये चालवा. वॅबिटेम्यूच्या डीबगरमध्ये एकेक आज्ञा पुढे नेत रजिस्टर बदलताना पाहता येतात. प्रत्यक्ष यंत्रावर तसं पाहायची सोय नाही.

पडद्यावर म

या कॅल्क्युलेटरमध्ये देवनागरी नाही, पण ठिपके आपल्या ताब्यात आहेत. ८ बाय ८ च्या चौकटीत ‘म’ असा बसतो :

एफएफ
२२
२२
२२
७ई
ए२
४२
०२

वहीच्या चौकटींवर हे बिट भरून पाहा. पहिली ओळ एफएफ, आठही बिट चालू, ती शिरोरेषा. २२ म्हणजे डावा दांडा आणि उजवा काना. ७ई म्हणजे मधली आडवी रेघ, ए२ आणि ४२ मध्ये डावीकडची गाठ पुरी होते, शेवटी एकटा काना.

पडद्याची एक प्रत रॅममध्ये ९३४० पासून असते, ७६८ बाइट. एका ओळीत ९६ ठिपके, म्हणजे १२ बाइट. म्हणून अक्षराची पुढची ओळ काढायला पत्ता १२ ने पुढे न्यायचा. कोड असा (इथे देवनागरीत, फाइलमध्ये रोमन अक्षरांत) :

एलडी एचएल, ९३४० हेक्स
एलडी आयएक्स, अक्षर
एलडी डीई, १२
एलडी बी, ८
ओळ:
एलडी ए, (आयएक्स+०)
एलडी (एचएल), ए
आयएनसी आयएक्स
एडीडी एचएल, डीई
डीजेएनझेड ओळ

‘अक्षर’ हे लेबल (पत्त्याला दिलेलं नाव) खाली, सी९ नंतर, डीबीने भरलेल्या त्या आठ बाइटांवर ठेवा. डीजेएनझेड ही ‘बी’ एकने कमी करून शून्य होईपर्यंत मागे जाणारी झेड८० ची खास आज्ञा. ८०८५ वर यासाठी दोन आज्ञा लागायच्या. या सगळ्या कोडच्या आधी आलेखाची मेमरी पुसणारा बी-कॉल ४बीडी० आणि नंतर ती पडद्यावर उतरवणारा ४८६ए बोलवा, मग वरचं ‘क्लिअर’ ची वाट पाहणारं लूप.

कोणत्याही ओळीवर काढायचं असेल तर ओळीला १२ ने गुणावं लागतं, आणि झेड८० ला गुणाकार येत नाही. मग बेरजेने : एचएलमध्ये ओळीचा क्रमांक, डीईमध्ये त्याचीच प्रत. एचएलमध्ये एचएल मिळवलं की दुप्पट, डीई मिळवलं की तिप्पट, पुन्हा स्वतःत मिळवलं की सहापट, आणखी एकदा की बारापट. चार बेरजा आणि काम झालं. हे पहिल्यांदा उलगडलं तेव्हा मला जो आनंद झाला तो अजून आठवतो.

तीन चुका, ज्या तुमच्याकडून होणारच

पहिली, पुश केलेलं (स्टॅकवर ठेवलेलं) पॉप न करणं (परत न काढणं). स्टॅकवर तुमचा आकडा राहिला की सी९ त्यालाच परतीचा पत्ता समजतो. प्रत्येक पुश लिहिताच त्याचा पॉप लगेच लिहून टाका, मधला कोड नंतर भरा.

दुसरी, आयवाय रजिस्टरला हात लावणं. सिस्टिमचे सगळे फ्लॅग आयवायच्या आधाराने वाचले जातात आणि त्यात ८९एफ० हाच पत्ता असावा लागतो. जास्तीचं रजिस्टर हवं तर आयएक्स घ्या.

तिसरी, बी-कॉलनंतर रजिस्टर तसेच राहतील असं धरून चालणं. बहुतेक रूटीन ती पुसून टाकतात. ‘बी’ मध्ये मोजणी चालू असताना बी-कॉल करायचा असेल तर आधी बीसी पुश करा.

प्रोग्रामपासून ॲपपर्यंत

‘ॲप्स’ बटणाच्या यादीत दिसणारं खरं ॲप्लिकेशन फ्लॅशमध्ये राहतं, ४००० पासून चालतं आणि १६ किलोबाइटच्या पानांत मोजलं जातं. रॅम पुसली तरी ते टिकतं. त्याला सुरुवातीला हेडर लागतं आणि शेवटी डिजिटल सही. मोफत ॲपसाठी कंपनीने ०१०४ ही किल्ली सर्वांना दिली आहे, सही करायला रॅबिटसाइन वापरा.

प्रोग्रामचा कोड ॲपमध्ये जसाच्या तसा हलवला तर तो बिघडतो, याची मुख्य कारणं दोन. ॲपमधून बाहेर पडायला सी९ चालत नाही, ४०२७ या रूटीनकडे जावं लागतं. आणि तुमचा मजकूर आता त्याच खिडकीत आहे जिथे बी-कॉल दुसरं पान लावतो! मजकूर छापणाऱ्या ४५०ए ला ॲपमधल्या शब्दांचा पत्ता दिलात तर ते छापायला जाईपर्यंत तुमचं पान खिडकीतून गेलेलं असतं आणि पडद्यावर कचरा येतो. मजकूर आधी रॅममध्ये उतरवून घ्या, ९८७२ पासून ७६८ बाइट मोकळे मिळतात, आणि मग छापा. चल आकडेही रॅममध्येच ठेवा, कारण फ्लॅशमधल्या लेबलवर लिहिलेलं टिकत नाही.

पण ॲपकडे वळण्याआधी आपला ‘म’ बाणांच्या बटणांनी हलवून पाहा. खाली १, डावीकडे २, उजवीकडे ३, वर ४ असे त्यांचे क्रमांक आहेत. वर-खाली नेणं सोपं, पत्ता १२ ने कमी-जास्त करायचा. डावी-उजवीकडे एकेका ठिपक्याने नेताना अक्षर दोन बाइटांत विभागलं जातं. त्यासाठी आधी एसआरएलने एका रजिस्टरचा शेवटचा बिट कॅरी फ्लॅगमध्ये ढकला आणि आरआरने तो शेजारच्या रजिस्टरमध्ये ओढून घ्या. यावर मला पूर्ण एक संध्याकाळ लागली होती, तेव्हा वही आणि पेन्सिल जवळ ठेवा.